नळातली हवा कुणी चोरली?

"उरालपासून अल्ताईपर्यंत," सापारगाली अता दारातच थांबून म्हणाले, "माझ्यासारखं डोकं दुसरं नाही. होतं एक, ओम्स्कला. पण तो बिचारा वारला."

एवढं बोलून त्यांनी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढली. ते डोकं सगळ्यांना नीट बघता यावं, हा हेतू. बाहेर उणे तीस, दार सताड उघडं, आणि आत नुरकेन दोन पावलं मागं सरला. थंडीनं नव्हे, सासऱ्यांना बघून.

अता, म्हणजे आजोबा, असं त्यांना सगळेच म्हणत; नुरकेनचे ते सासरे. सगळा जन्म कोकशेताउच्या धान्यकोठारात ट्रकांची वजनं करण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर एका सकाळी त्यांना साक्षात्कार झाला, की आपण गुप्तहेर आहोत. शेजाऱ्याची हरवलेली मेंढी त्यांनी शोधून काढली होती. ती तिच्याच गोठ्यात होती, पण अतांच्या मते तिथं बघायची अक्कल आधी कुणाला सुचली नव्हती. बहिणीच्या कवळीचा तपास अजून चालूच होता. बहिणीनं मध्यंतरी नवी करून घेतली.

"शोल्पाननं सांगितलं मला," अता म्हणाले. शोल्पान म्हणजे त्यांची मुलगी, नुरकेनची बायको. "इथं चोरी होतेय म्हणे."

"चोरी नाही हो अता. नळातल्या हवेचा दाब कमी होतोय."

"म्हणजे हवेची चोरी! अरे वा. अशी केस मी अजून हाताळली नव्हती. आधी चहा, मग तपास."

आता ही हवेची भानगड काय ते सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. नुरकेन कामाला होता ते गोदाम नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, बुटांचं. छतापर्यंत बूटच बूट. गोदाम गरम करायची सोय नाही. बाहेर जेवढी थंडी तेवढीच आत. आग विझवायला छताखालून जे नळ फिरवलेत त्यांत पाणी भरून ठेवलं तर त्याचा बर्फ होईल आणि नळ फुटतील. म्हणून त्यांत पाणी नाही, हवा कोंबलेली असते. ही हवा खालच्या झडपेच्या उरावर बसून राहते आणि पाण्याला वर चढू देत नाही. आग लागली की उष्णतेनं नळाचं एखादं तोंड उघडतं, हवा फुस्सकन निघून जाते, झडप उघडते आणि पाणी धावत येतं. पण आग नसतानाच हवा गळाली तर? तर पाणी उगीचच वर जातं, गोठतं, आणि नळांचे तुकडे बुटांवर येऊन पडतात.

ही हवा सांभाळायची नोकरी नुरकेनची. झडपेच्या खोलीत एक काटा होता. तो तीनवर असायला हवा. गेला आठवडाभर तो सकाळी तीनवर असायचा आणि दुपारपर्यंत दोनकडे घसरायचा. नुरकेननं शिडीवर चढून एकेका सांध्याला साबणाचं पाणी लावून बघितलं. कुठं बुडबुडा म्हणून नाही. बोटं तेवढी निळी पडली.

आणि आज दुपारी तपासणी होती. मॅनेजर ग्रिगोरी पाव्लोविचनं सकाळीच दम भरला होता, "तपासनीस बाई येतील तेव्हा काटा तीनवर नसला, तर तुझी नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे कंपनीच्या दोन खोल्याही गेल्या. कळलं?"

नुरकेनला चांगलंच कळलं होतं. खोल्या गेल्या की सासऱ्यांच्या घरी राहायला जायचं. आमच्याकडे अशा घरजावयाला 'पिल्लू जावई' म्हणतात. कुत्र्याचं पिल्लू, बरं का, वाघाचं नव्हे. सकाळी उठल्यावर ओम्स्कचं ते डोकं, रात्री झोपताना ती मेंढी, आणि मधल्या वेळात कवळी. त्या विचारानंच नुरकेनला दरदरून घाम फुटायचा, आणि उणे तीसमध्ये घाम फुटणं सोपं नाही.

झडपेची खोली तेवढी उबदार. झडपेपर्यंत पाणी भरलेलं असतं ना, ते गोठू नये म्हणून. त्यामुळे गोदामातला जो तो चहाला तिथंच. झाडलोट करणाऱ्या बाल्झान आपांचा सामोवर, म्हणजे पोटात कोळसे घालून चहाचं पाणी उकळायचं भांडं, कोपऱ्यात, त्याचं धुराडं खिडकीबाहेर. अता स्टुलावर बसले आणि अंगातल्या गुप्तहेराविषयी सांगू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातला कॉम्प्रेसर खडखड करत सुरू झाला आणि कानठळ्या बसल्या. नळातली हवा कमी झाली की तो आपोआप सुरू होतो. आवाज मोठा, पण यंत्र लहान, हळूहळू भरतं. तो खडखडत असतानाच आपांनी अतांच्या हातात चहा दिला. अर्धा प्याला. मानाच्या पाहुण्याला आम्ही अर्धाच देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला, तर पाहुण्यानं समजायचं की आता टोपी शोधावी.

"वा!" अता म्हणाले. "काय चट्कन उकळतो हो आपा तुमच्याकडे! आमच्या घरचा सामोवर उकळेपर्यंत माणसाची दाढी वाढते."

"सापेके, तुमच्यासाठी अजून टाकते," आपा खूश होऊन म्हणाल्या. सापेके म्हणजे आदरानं घेतलेलं सापारगालीचंच नाव.

चहा झाल्यावर अता गोदामात शिरले, हात पाठीमागे बांधून. वर बघत चालल्यामुळे ते बुटांच्या एका ढिगावर आपटले, पण त्यांनी तो ढीग मुद्दाम तपासल्यासारखं दाखवलं.

"सापडलं!" ते ओरडले. "हा नळ वाकडा आहे!"

"उतार आहे तो अता. मुद्दाम दिलाय. आत थोडंफार पाणी साचलंच तर निथळून खाली यावं म्हणून."

"मुद्दाम! ऐक बाळा, आजवरचा प्रत्येक गुन्हेगार जे करतो ते मुद्दामच करतो. वाकड्या नळातून हवा घरंगळणार नाही तर काय होणार?"

"हवा घरंगळत नाही हो."

"तू बघितलीस?"

नुरकेन शिडी आणायला वळला तोवर अतांनी खालच्या नळाखाली नमद्याचा एक बूट ठासून तो सरळ करायला घेतलाही होता. बूट काढण्यात नुरकेनची बरीच सकाळ गेली. तो परत आला तेव्हा कॉम्प्रेसर खडखडत होता, अता दुसऱ्यांदा चहा पीत होते आणि काटा अडीचवर होता.

"बघितलंस?" अता म्हणाले. "मी आल्यापासून चोर घाबरलाय. घाईघाईनं चोरतोय."

मग त्यांना समोरचा पंक्चरवाला आठवला. हवेचं गिऱ्हाईक कोण? ज्याला हवा लागते तो! अता तरातरा रस्ता ओलांडून गेले, मागून नुरकेन. पंक्चरवाला अनातोली एका ट्रकच्या चाकात हवा भरत होता. अतांनी त्याला बाजूला सारलं, चाकाची बरीचशी हवा सोडली आणि तिचा दीर्घ वास घेतला.

"नमदा!" ते म्हणाले. "या हवेला बुटांचा वास येतोय."

"अहो आजोबा, तुमच्या जावयाचे बूट आहेत ते. शेजारीच उभा आहे तो."

"हवा कुठून आणतोस ते सांग!"

अनातोलीनं पान्हा खाली ठेवला आणि आभाळाकडे बोट दाखवलं. "ही काय, केवढी पडलीय. कुणाची असेल तर घेऊन जा म्हणावं. आणि त्या चाकातली सोडलीत ती भरून द्या आधी."

अतांना पाऊण चाक हातपंपानं भरावं लागलं. परतल्यावर अर्थातच ते दमले होते. अर्थातच चहा झाला, अर्थातच त्याआधी कॉम्प्रेसर खडखडला. काटा सव्वादोनवर आला. नुरकेन त्या काट्याकडे, आपल्याच घराचं दार कुणी बंद करत असावं तसा बघत राहिला.

अतांचे डोळे मात्र एकाएकी चमकले.

"थांबा! एक गोष्ट तुमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. हा कॉम्प्रेसर दर वेळी आपण चहाला बसायच्या जरा आधी सुरू होतो. म्हणजेच हवा तेव्हाच जाते. याचा अर्थ काय?"

नुरकेनच्या काळजात आशा हलली. "काय, अता?"

"चोराला आपल्या चहाची वेळ माहीत आहे!"

"अगं बाई," बाल्झान आपा म्हणाल्या. "मेला कोण असेल? घ्या सापेके, अजून घ्या."

"घाला. म्हणजे चोर आतला माणूस आहे. या खोलीची किल्ली कुणाकडे? नुरकेनकडे. शिडी कुणाची? नुरकेनची. काटा कोण वाचतो? नुरकेन." अतांचा आवाज जड झाला. नेमका तेव्हाच मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता. "पोटची मुलगी दिलीय याला मी. पण न्याय म्हणजे न्याय. ग्रिगोरी पाव्लोविच, हा तुमचा चोर."

"मी हवा चोरून करू काय, अता? भाजी?" नुरकेन आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडला. त्याला इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मला चोर कोण ते नको," मॅनेजर म्हणाला. "मला तीन पाहिजे. बाई निघाल्यात तिकडून. नुरकेन, तू सामान बांधायला घे."

तेवढ्यात शोल्पान आली. एका हातात बाउरसाकांचा डबा, कणकेचे तळलेले गोळे, अजून कोमट. दुसऱ्या हातात वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. "आके, गोळी विसरलात," ती वडिलांना म्हणाली. मग तिनं सगळ्यांचे चेहरे बघितले. "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही गं," आपा म्हणाल्या. "बस, लांबून आलीस. तुझ्यासाठी ताजा टाकते."

अता मोठ्यानं खटला समजावून सांगू लागले, मॅनेजर घड्याळ बघू लागला, नुरकेन जमिनीकडे. आपांकडे बघत होती ती एकटी शोल्पान. तिला भूक लागली होती आणि चहा कधी होतो याकडे तिचं लक्ष होतं, बस्स.

"आपा, हे काय करताय?"

आपांनी काट्याखालच्या छोट्या तोटीला रबरी नळी लावली होती. नळीचं दुसरं टोक सामोवरच्या बुडाशी, कोळशापाशी. त्यांनी तोटी फिरवली. फुस्सऽ! कोळसे लालबुंद झाले आणि काटा दोनकडे सरकला. त्याच क्षणी कॉम्प्रेसर खडखडू लागला आणि ती फुस्स कुणाला ऐकू येईना.

"चहा करतेय," आपा ओरडून म्हणाल्या. "दुसरं काय?"

तोटी बंद झाली.

"केव्हापासून?" नुरकेननं कसंबसं विचारलं.

"तूच नाही का ती चिठ्ठी चिकटवलीस? तपासणी आहे, या खोलीत विजेवर काही तापवायचं नाही म्हणून. माझी किटली बंद केलीस. मग आणला आईचा सामोवर. त्याबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं. फुंकून फुंकून माझा जीव जातो रे या वयात. या नळात आयती हवा भरून ठेवलीय, कुणी वापरत पण नाही. आठवडाभर तुमच्यासमोरच तर करतेय. आज पाहुणा आला म्हणून जास्त वेळा केला."

आग विझवायच्या खोलीत, आग विझवायच्या हवेनं, आठवडाभर आग फुलत होती. ग्रिगोरी पाव्लोविच खाली बसला. नुरकेन भिंतीवरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिला.

"मला पहिल्या घोटापासून संशय होता," अता म्हणाले.

"मग पीत का राहिलात, आके?"

"पुरावा ताब्यात घेत होतो."

बाहेर गाडीचं दार वाजलं. तपासनीस बाई. काटा दोनवर, आणि कॉम्प्रेसर आपला धापा टाकत हळूहळू चढवतोय. निदान पाऊण तास हवा होता.

"आके," शोल्पान म्हणाली, "तो सामोवर उचला आणि अंगणात जा. बाईंना चहा पाजल्याशिवाय आत सोडायचं नाही. आणि घरच्या पद्धतीनं करा, बुटानं."

"मेंढीची गोष्ट सांगू?"

"पहिल्यापासून सांगा."

गोदामात बूट चिक्कार, पण नमद्याच्या बुटाचा भाता होत नाही. त्याला चामड्याचाच लागतो. अतांनी आपला एक बूट काढला, तो धुराड्यावर उलटा बसवला आणि बर्फात उभं राहून खालीवर दाबू लागले. एका पायात चामडं, दुसऱ्यात गोदामातला नमदा.

"अता, मला घाई आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. तरुण होत्या, गणवेशात, पापण्यांवर दव गोठलेलं.

"मुली, माझ्या वयाच्या माणसाच्या हातचा चहा नाकारून तू पुढं जाणार? तुझ्या आजोबांना काय सांगशील?"

झालं. बाई थांबल्या. अतांनी उरालपासून सुरुवात केली, अल्ताईला पोचले, ओम्स्कला जाऊन सांत्वन करून आले. मग मेंढी. मेंढीच्या आईची माहिती. सामोवर कुरकुरत होता, बाई पाय आपटत होत्या, आणि आत चौघं काट्यासमोर श्वास रोखून उभे होते, जणू आपल्या श्वासाचीही हवा त्याला मिळावी. चहा उकळला तेव्हा मेंढी गोठ्यात सापडली होती आणि काटा तीनवर आला होता.

बाई आत आल्या. काटा बघितला, नळांचा उतार बघितला, झडप बघितली. "सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि तरीही बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. "इथं किती शांत आहे हो," त्या नुरकेनला म्हणाल्या.

गाडी गेली. मॅनेजरनं नुरकेनच्या पाठीत आनंदानं असा गुद्दा घातला, की तो शिडीवर जाऊन आदळला. नोकरी वाचली होती, दोन खोल्या वाचल्या होत्या. शोल्पान हसत होती आणि नुरकेनला वाटत होतं, तिला सगळ्यांदेखत उचलून घ्यावं. चहा पुन्हा झाला, पण मॅनेजरच्या ऑफिसात, विजेच्या किटलीवर.

अता गोठलेला पाय रेडिएटरला लावून बसले होते. "केस सुटली," ते म्हणाले. "पण मला स्पष्ट दिसतंय, की या गोदामाला माझ्यासारख्या माणसाची गरज आहे. मी असं म्हणतो, की हिवाळाभर तुमच्याकडेच राहायला येतो. दोन खोल्या आहेत ना? एक मला पुरे."

शोल्पानचं हसू थांबलं. नुरकेन उठला. आमच्याकडे चहा बायका ओततात. नुरकेननं जन्मात कधी चहादाणी हातात धरली नव्हती. त्यानं ती आपांच्या हातातून घेतली, सासऱ्यांचा प्याला समोर ओढला आणि ओतत राहिला. अर्धा झाला, तरी ओतला. काठाला आला, तरी ओतला. प्याला तुडुंब भरला, वर चहाची टेकडी आली. आपांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं.

अतांनी वाकून तो प्याला चारी बाजूंनी तपासला. मग गालात हसले.

"सामान्य माणूस फसला असता," ते म्हणाले. "त्याला वाटलं असतं, जावई आपल्याला हाकलतोय. पण आजच्या केसनं आपल्याला काय शिकवलं? जे डोळ्यांसमोर इतकं उघड दिसतं, ते खरं असूच शकत नाही! म्हणजे याचा अर्थ नेमका उलटा. पोरानं मला सांगितलंय, अता, हिवाळाभर नका, कायमचे या."

त्यांनी वाकून टेकडी सुर्रकन ओढली, प्याला रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.

पलीकडच्या खोलीत काटा तीनवर ठाम होता. हवा गेली होती ती फक्त नुरकेनची.