वाक्य पुरं करा

तलासरीच्या आमच्या दवाखान्यात धाप लागून कुणी आलं, की राऊत डॉक्टर आधी विचारायचे, "काल काय जेवलात?" आणि उत्तराकडे त्यांचं अजिबात लक्ष नसायचं.

लक्ष असायचं गळ्याच्या खड्ड्याकडे आणि बरगड्यांकडे. माणूस किती शब्दांनी श्वासाला थांबतो, यावरून त्यांचं अर्धं निदान व्हायचं. मधेच कुणी अडखळलं की "वाक्य पुरं करा" म्हणून मागे लागायचे. एका गुजराती दुकानदाराने एका दमात अख्खा उंधियू शिजवून दाखवला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं उत्तम. पोट सांभाळा." डॉक्टर खवय्ये आहेत असं समजून बोर्डीची एक बाई चिकूचं लोणचं घेऊन आली. ते मी संपवलं.

स्वतः मात्र माझ्याशी "नेक्स्ट", "नेब्युलायझर" आणि "चहा" एवढंच बोलायचे. मी तिथली नर्स. दिवसभर खोकला ऐकून माझे कान किटलेले असायचे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

एकदा भर दुपारी पाड्यावरून सोमीबाईला घेऊन तिचा मुलगा आला. दम्याची जुनी पेशंट. मुलगा निवांत होता. "डॉक्टर, सकाळपासून छातीत शिट्टी वाजत होती. आता वाजत नाय. बरी झाली, पन तू बघून घे."

"काल काय जेवलात?"

"भात," सोमीबाई म्हणाली. पुढचा शब्द आलाच नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. शिट्टी थांबली होती, कारण शिट्टी वाजण्याइतकीही हवा आत जात नव्हती. नेब्युलायझर, इंजेक्शन सगळं झालं, तरी डहाणूला न्यायलाच हवं होतं. जिल्हा नवा झाला होता, मोठा दवाखाना मात्र जुन्याच अंतरावर होता.

सोमीबाई वाचली, हे आधीच सांगून टाकते. ताणून धरायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. पण तेव्हा गाडीत ती घाबरून ऑक्सिजनचा मास्क ओढत होती. डॉक्टरांनी तिचा हात धरला.

"तुम्ही बोलू नका. मी सांगतो. काल मी खिचडी खाल्ली. परवाही खिचडीच."

मग ते थांबेचनात. बायको मुलीच्या कॉलेजसाठी नाशिकला राहते. मुलगी फोनवर "बोला ना बाबा" म्हणते, तर यांना काही सुचत नाही. घरात दुसरा आवाज हवा, म्हणून बातम्या लावून जेवतात. मी सिलिंडर धरून ऐकत होते.

चारोटीचं वळण आलं तसे डॉक्टर एकदम गप्प झाले. आपण काय काय बोलून बसलो, हे बहुधा लक्षात आलं असावं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

सोमीबाईने मास्क जरा बाजूला केला. अजून तिच्याकडे एका शब्दापुरताच श्वास होता.

"मग?" ती म्हणाली.