कापडाला इचारतो

लोणावळ्याच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारे इमामभाई गिऱ्हाइकाला छत्री नेऊ देत नसत. तुम्ही दुरुस्त झालेली छत्री मागितलीत की ते ती पुढे करीत, आणि हातात देण्यापूर्वी तिचे काळे कापड चिमटीत धरून क्षणभर चोळीत. मग म्हणत, "आज ऱ्हाऊ द्या. उगा वझं कशाला? उद्या दुपारनं लागंल, तवा न्या." दुसऱ्या दिवशी दुपारी ती लागेच.

साठीला टेकलेले, एक गुडघा आखडलेला, आणि पांढऱ्या दाढीत काळ्या दोऱ्याचा एखादा तुकडा कायमचा अडकलेला. पावसाबद्दल कुणी काहीही विचारले की उत्तर ठरलेले : "थांबा, कापडाला इचारतो."

मी तेव्हा विशीत होतो. पत्रके वाचत वाढलो होतो आणि आता स्वतःच पत्रके छापून वाटत होतो. नक्षत्रांचा पाऊस हे थोतांड आहे, ते गाडून टाकल्याशिवाय हा देश ताठ उभा राहणार नाही, असे एक ताजे पत्रक घेऊन मी इमामभाईंच्या पायरीशी गेलो. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी ते चिमटीत धरून चोळले.

"पत्रकवाले, कागद लय हलका हाय. घराकडं जाईस्तोवर लगदा हुईल."

आभाळ स्वच्छ होते. घर दहा मिनिटांवर. पोचलो तेव्हा पिशवीत लगदा होता.

थोतांड उघडे पाडायचे तर पुरावा हवा. मी एक वही केली. एका रकान्यावर लिहिले 'म्हणाले', दुसऱ्यावर 'घडले'. रोज सकाळी त्यांच्या पायरीवर बसून पहिला रकाना भरायचा, संध्याकाळी दुसरा. तिसऱ्या आठवड्यात माझा दिवस उगवला. ते म्हणाले होते, "पुन्याची गाडी आली की पाऊस." गाडीची वेळ झाली आणि टळली. थेंब नाही. मी मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहून वही त्यांच्यापुढे धरली.

"गाडी तरी कुटं आलीया?" ते म्हणाले.

गाडी पाऊण तास उशिरा आली, आणि तिच्या शिट्टीबरोबर बाजारातले पत्रे वाजू लागले. मी 'नाही' खोडले.

एकदा मी चिडून विचारले, "इमामभाई, तुम्ही मुसलमान. मृग, पुष्य ही नक्षत्रे तुमच्या तोंडी कशी?"

"पाऊस काय नाव इचारून भिजवतो व्हय?"

पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे मावळात सगळेच जाणतात. इमामभाई मात्र त्या दोघांविषयी भाऊबंदांसारखे बोलत. "तरना नुसता धावतो. म्हातारा एकदा बसला की उठत न्हाई."

एकाच वाटेबद्दल कापड नेहमी वाईट बोले. ती कुरवंड्याची वाट. त्यांची एकुलती, आईवेगळी वाढवलेली लेक हमीदा कुरवंड्याला दिलेली होती. तिथला दूधवाला धोंडू रोज लोणावळ्यात येई. पावसाळ्यात तिचा निरोप आणी, येऊ का? इमामभाई कापड चोळीत आणि म्हणत, "आज न्हाई. वढ्याला छातीभर पानी आसंल." पाच पावसाळे ती आली नव्हती. त्यांचा गुडघा त्यांना चढ चढू देत नव्हता.

"धोंडू रोज येतो की," मी म्हणे.

"त्यो गवळी हाय. ती माजी लेक हाय."

"म्हंजी मी व्हावून गेलो तरी चालंल," धोंडू म्हणे.

"दूध ठिवून जा."

त्या उन्हाळ्यात हमीदाला मुलगी झाली. इमामभाईंनी नातीला अजून पाहिले नव्हते. मोडक्या छत्रीच्या काड्या कापून त्यांनी ताटाएवढी एक छत्री केली आणि दुकानात टांगली. कुणी किंमत विचारली की म्हणत, "इकायची न्हाई."

पुष्याचा पाऊस दहा दिवस कोसळत होता. एका सोमवारी त्यांनी कापड चोळले, पुन्हा चोळले, आणि मला म्हणाले, "पत्रकवाले, हमीदाला चिट्टी लिवा. पुष्याचा म्हातारा बुदवारी जानार. मग पोरीला घिऊन ये."

मी लिहायला बसलो आणि तत्त्व आडवे आले. ज्या हाताने नक्षत्रांविरुद्ध लिहिले त्याच हाताने नक्षत्राचे नाव लिहायचे? 'पुष्याचा' हा शब्द मी गाळला. बाकीचे शुद्ध करून लिहिले, ऱ्हस्वदीर्घ तपासले, आणि चिठ्ठी धोंडूकडे दिली.

मंगळवारी समोरचे दुकान दिसत नव्हते इतका पाऊस होता. त्यातून पानांचे एक इरले चालत आले आणि पायरीशी थांबले. छत्रीवाल्याची लेक इरल्याखाली होती, आणि तिच्या छातीशी कोरडेठाक मूल. रडून तिचे डोळे सुजले होते. बाप सुईत दोरा ओवत होता.

"तुमी बसलाय की हितं," ती म्हणाली.

इमामभाईंनी सुई खाली ठेवली. "वढ्याला पानी किती?"

"गुडघाभर."

"गुडघाभरच?"

तिने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. धोंडू ती उंबऱ्यावर ठेवून निघून गेल्यावर सासऱ्यांनी वाचून दाखवली होती. म्हातारा बुधवारी जाणार. मग पोरीला घेऊन ये.

"गेल्यावर यिऊन काय करू?" ती म्हणाली. "म्हनून आदीच आले."

मी गाळलेला शब्द कबूल केला. इमामभाई म्हणाले, "एक शबुद खाऊन मला मारलंत की." पण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते लेकीच्या ओल्या लुगड्यावरची पाण्याची रेघ पाहत होते. ती खरोखर गुडघ्याशीच होती.

बुधवारी सकाळी म्हातारा गेला. नागफणीचा सुळका टोकापर्यंत उघडा पडला आणि बाजारभर ऊन आले. मी बराच वेळ त्या सुळक्याकडे पाहत उभा राहिलो. हे दोन दिवस आधी चिमटीत ओळखणारा माणूस पाच वर्षे गुडघाभर पाण्याला छातीभर म्हणत होता. त्या वाटेपुरते ते कापडाला विचारतच नव्हते.

शनिवारी हमीदा निघाली. शेतात तिच्यावाचून खोळंबा होता. धोंडू रिकाम्या चरव्या घेऊन थांबला. आभाळ निळेशार, ढगाची चिंधी नाही. शेजारच्या किराणावाल्या शेठांनी रस्त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. नातीच्या मुठीत छोट्या छत्रीचा दांडा होता आणि तो ती सोडत नव्हती.

"निगते, अब्बा. इचारा कापडाला."

इमामभाईंनी मांडीवरचे कापड चिमटीत धरले. इतका वेळ त्यांनी ते कधी धरले नव्हते.

"आज न्हाई," ते म्हणाले. "दुपारनं लय येनार."

सगळ्या बाजाराने ऐकले. कुणी वर पाहिले नाही. धोंडू म्हणाला, "मलाबी तसंच दिसतंय," आणि चरव्या वाजवत एकटाच गेला. शेठ उठले आणि मिरच्या गोळा करू लागले. हमीदाने आभाळाकडे पाहिले, बापाकडे पाहिले, आणि मूल त्यांच्या मांडीवर देऊन चूल पेटवायला आत गेली.

दिवसभर लख्ख ऊन होते. संध्याकाळी मी पायरीवर बसून वही उघडली. 'म्हणाले'चा रकाना सकाळीच भरला होता. आत तव्यावर भाकरी भाजत होती, आणि इमामभाई नातीला छत्री कशी उघडते ते दाखवत होते.

'घडले' खाली मी लिहिले, 'दुपारनंतर लय आला.'