घंटेची जुनी आवृत्ती

सोमवारी शाळेला मधली सुट्टी दोनदा झाली. मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मुख्याध्यापिका मोठ्या बाईंना मात्र वाटलं, आणि त्यांनी संगणकाच्या सरांना ऑफिसात बोलावून घेतलं.

या सरांना सगळी शाळा 'अपडेट सर' म्हणायची. प्रिंटर अडो, पंखा कुरकुरो, नाहीतर कुणाला शिंका येवोत, त्यांचा सल्ला एकच: "अपडेट करून घ्या." त्याच हौसेनं त्यांनी शाळेची घंटा वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवली होती आणि तिच्यात यंदाचं वेळापत्रकही भरलं होतं.

"मग सारखी दोन-दोनदा का वाजतेय?" बाईंनी विचारलं.

"जुनी आवृत्ती अजून आतच आहे ना, बाई. ती जुन्या वेळापत्रकानं वाजते, नवी नव्या वेळापत्रकानं. मी तेव्हाच काढणार होतो, पण तुम्हीच म्हणालात, राहू दे."

"राहूच दे. नव्याचा काय भरवसा?"

बाईंपुढे बोलायची सोय नव्हती. त्यांच्या अडगळीच्या खोलीत तीन पायांची बाकं होती, देश पुसले गेलेला पृथ्वीचा गोल होता, एका पायाचे मोजेसुद्धा होते. 'लागलं तर' या दोन शब्दांवर ती खोली छतापर्यंत भरली होती.

मुलांनी आपला मार्ग काढला. सुट्टी आधीच्या घंटेला सुरू करायची आणि नंतरच्या घंटेला संपवायची. गणिताच्या बाई कावल्या. "माझ्या तासाची पार चिंधी झालीय हो!" खेळाचे सर म्हणाले, "मला तर काही अडचण दिसत नाही."

गुरुवारी तपासनीस येणार होते. वर्षानुवर्षं हंगामी राहिलेल्या अपडेट सरांची नोकरी कायम होणार की जाणार, हे तपासनिसांच्याच शेऱ्यावर ठरणार होतं. त्या सकाळी घरून निघताना त्यांना बायकोनं बजावलं, "आज कृपा करून काहीही अपडेट करू नका हं."

अपडेट करू नका, असं ती म्हणाली होती. काढू नका, असं म्हणाली नव्हती. सरांनी शाळेत आल्या आल्या जुनी आवृत्ती काढून टाकली, कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली आणि हात झटकले.

तपासनीस आले आणि इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक चौथीच्या मुलाच्या मापाचं होतं, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. तास संपेपर्यंत जागचं उठायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम होता.

इतिहासाच्या सरांचं एक दुःख होतं. लढाई ऐन रंगात आली की घंटा व्हायची. उभ्या नोकरीत त्यांना एकदाही तहापर्यंत पोचता आलं नव्हतं. आज मात्र सैन्य नदी ओलांडून गेलं, किल्ल्याला वेढा पडला, रसद तुटली, तरी घंटा होईना. सरांनी दाराकडे पाहिलं, बाह्या सारल्या आणि आवाज चढवला.

इकडे ऑफिसात अपडेट सर घामाघूम झाले होते. पडद्यावर लिहून आलं होतं, 'आवाज सापडत नाही.'

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"घंटेचा आवाज जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये होता, बाई. नवी तोच उसना घेऊन वाजवत होती."

"आणि जुनी?"

सरांनी पडद्यावरच्या रिकाम्या कचरापेटीकडे बोट दाखवलं. बाईंना कळायचं ते कळलं.

"कुणाला तरी वर्गात पाठवू का, तास संपला म्हणून सांगायला?" सरांनी विचारलं.

"म्हणजे घंटा बंद पडलीय हे तपासनिसांना आपणहून सांगा! तुमच्या नोकरीचं काय मग? थांबा इथेच."

बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन अडगळीच्या खोलीत शिरल्या. आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. मग डोक्यावर जळमटं घेऊन त्या बाहेर आल्या, हातात बिस्किटांचा डबा, डब्यात एक सीडी. घंटेची अगदी पहिली आवृत्ती! कॉम्प्युटरला सीडी घालायचा खणही होता, कारण तो कॉम्प्युटरही बाईंनी कधी टाकू दिला नव्हता. सरांना वाटलं, बाईंचे पाय धरावेत.

पहिली आवृत्ती चढली, जागी झाली आणि आपल्या काळातल्या वेळापत्रकाकडे बघून तिनं ठरवलं की शाळा सुटायची वेळ झालीय. घंटा लांबलचक घणघणली. सगळी शाळा दप्तरं उचलून फाटकाकडे धावली. गर्दीत सगळ्यांत पुढे तपासनीस होते, लंगडत.

"संपलं," अपडेट सर पुटपुटले. "गेली नोकरी."

तपासनीस ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि एका दमात तांब्याभर पाणी प्यायले. "ही घंटा कुणी वाजवली?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे. "मी, साहेब."

"कायम आहात?"

"नाही साहेब. हंगामी."

"तिथे वेढ्यात माझे पाय बधिर झाले होते हो. शत्रू शरण यायचं नाव घेईना! आणि असा वेळेला धावून येणारा माणूस हंगामी?" त्यांनी पेन काढलं, 'कायम करावे' असा शेरा लिहिला आणि त्याखाली झोकदार सही ठोकली.

तेवढ्यात इतिहासाचे सर खडू हातात घेऊनच धावत आले. रडायचेच बाकी होते.

"कुणी वाजवली घंटा? तहाचा मसुदा वाचायला घेतला होता मी! सर, निदान माझ्या तासापुरती तरी ती काढून टाका."

"नाही जमायचं, सर," कायम झालेले अपडेट सर म्हणाले. "आत आता दोन आवृत्त्या आहेत. आणि दोन्ही राहणार."