तालमीतलं नाव

खोट्या प्रेमाच्या बाबतीत भोकरदन तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नाही! गैरसमज नको, वाचनाबद्दल बोलतेय. इथल्या वाचनालयातलं प्रेमकथांचं कपाट मी दोनदा संपवलं आहे. आता डोळे थकले, तर नात कल्याणी मोबाइलवरून वाचून दाखवते. त्यात माझा लाडका प्रकार एकच. दोघं जण काहीतरी अडचण म्हणून जोडी असल्याचं नाटक करतात. अट एवढीच, की प्रेमात पडायचं नाही. आणि पडतात! दर वेळी पडतात, तरी मी दर वेळी पदर तोंडाला लावून ऐकते.

कल्याणी आणि तिच्या मैत्रिणी तर मोबाइलवर अशा गोष्टी खेळतातसुद्धा. एक नायक होते, एक नायिका, आणि लिहून लिहून एकमेकींशी बोलतात. मी विचारलं, "यात एवढं काय गं गोड लागतं?"

"आजी, नाटक आहे म्हटलं की मनातलं बोलायची भीती वाटत न्हाई!"

मला एकदम पटलं. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती. एरवी नुसतं 'अहो' आणि 'ऐकलं का'. पण उखाण्यात सूट! बायकांनी आग्रह करायचा, आपण लाजल्याचं नाटक करायचं आणि भरल्या घरात त्यांचं नाव खणखणीत घ्यायचं. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या गुदगुल्या अजून आठवतात.

तर अशी मी अनुभवी बाई. त्यामुळे धावड्याच्या माझ्या नणंदेनं, उषाबाईनं, कल्याणीसाठी स्थळ आणलं तेव्हा मी मुळीच डगमगले नाही. स्थळ तालेवार होतं, पण मुलाच्या आईची अट होती: सून नोकरी करणार नाही. आणि इकडे कल्याणीला नागपूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागलेली! पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा केशव, बँकेत साहेब आहे. पण आत्यापुढं त्याची मान फक्त वर-खाली हलते. आडवी हलायची तिला सोयच नाही!

कल्याणी रडकुंडीला आली. मी म्हणाले, "रडतेस कशाला? तुझं आधीच जमलंय."

"कोणाशी?"

"ते ठरवू की!"

आमच्या समोरच्या घरात रखमाजी राहतात. एसटीच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. घरी एकटेच असतात. आजही ते कानात बोलले तरी कोपऱ्यावरच्या महेबूबभाईच्या दुकानात ऐकू जातं. त्यांचा नातू पार्थ संभाजीनगरला असतो. पोरगा गरीब गाय. मी रखमाजींना योजना सांगितली.

"वहिनी, हे कायद्यात बसतं का?"

"पुस्तकात बसतं!"

"मंग बराबर आहे," ते म्हणाले.

पार्थ फोनवरच तयार झाला. मी उषाबाईला कळवलं, की कल्याणीचं पार्थशी ठरलं. ती कसली विश्वास ठेवते! "रविवारी मीच येऊन राह्यले. मुलाच्या आईला बी आणते. होऊ द्या समोरासमोर!"

उषाबाई परीक्षा घेणार म्हणजे नाव घ्यायला लावणार, हे मला पाठ होतं. आणि कल्याणी उखाण्यात ढ! म्हणून मी तालमी सुरू केल्या. पार्थला रविवारशिवाय सुट्टी नाही, तेव्हा त्याच्या जागी आजोबा. रोज दुपारी चहाच्या वेळी रखमाजी इस्त्रीचा सदरा घालून आमच्या ओट्यावर बसायचे, आणि समोर तेच बसलेले, तेव्हा मी त्यांच्याच नावानं उखाणा म्हणून दाखवायचे.

"आजी, आजोबांचं नाव कशाला?"

"तालीम आहे गं! तू तिथं पार्थ घाल."

कल्याणी नुसती हसत सुटायची. रखमाजी मात्र गंभीर. "पुन्हा एकदा म्हणा, वहिनी. शेवट ऐकू न्हाई आला." रोज म्हणायचे! मला वाटलं, कान गेले बिचाऱ्याचे.

रविवारी सगळे जमले. उषाबाई, मुलाची आई, हातात पोह्यांच्या बश्या. रखमाजी वरपक्ष म्हणून फेटा बांधून आलेले. पार्थ स्टँडवरून थेट आला, घामाघूम, आणि पहिलंच वाक्य बोलला, "कल्याणीताई, पाणी देता का?"

"ताई?" उषाबाईच्या भुवया आढ्याला भिडल्या.

"लाजतोय तो!" मी म्हणाले.

"मी काय काल जन्मले का, वहिनी? खरंच ठरलं असंल तर घे गं कल्याणे नाव!"

कल्याणी उठली. "ज्वारीच्या..." थांबली. "ज्वारीच्या... ज्वारीच्या..." थंडीतली जुनी स्कूटर जशी! पोरीची नोकरी त्या एका ओळीवर अडकलेली. मला राहवेना.

"अगं, असं घे!" मी उठले, डोक्यावरून पदर घेतला आणि मान वेळावून ठणठणीत म्हटलं,

"ज्वारीच्या कणसांवर पाखरांचा थवा,
रखमाजीरावांच्या नावानं लावते देवाजवळ दिवा!"

मुलाच्या आईचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी थांबला.

"पार्थ! मला पार्थ म्हणायचं होतं!" मी ओरडले. मुलाच्या आईनं आता आजोबांवरची नजर नातवाकडं वळवली आणि चमचा बशीत टाकला.

एवढ्यात रखमाजी सवयीनं स्टँडच्या आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा, वहिनी! शेवट ऐकू न्हाई आला!"

त्यांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू आला. दारात महेबूबभाईची बायको मैमूना हजर! "मैं तो कबसे बोल रही थी, रोज दोपहर की चाय, कुछ तो बात है! मुबारक हो, आपा!"

मुलाची आई उठलीच. "उषाबाई, तुम्ही तर म्हणल्या व्हत्या घर लई सोज्वळ आहे. आजीचं हे, तर नातीचं काय?"

"केशव!" उषाबाई कडाडली. "आईला आवर! ह्या स्थळाला हो म्हण!"

आणि केशवची मान आडवी हलली! जन्मात पहिल्यांदा. नकारानं की धक्क्यानं, ते त्यालाही अजून सांगता येत नाही. पण स्थळ गेलं ते गेलंच, आणि कल्याणी नागपूरला हजर झाली. पार्थ तिला अजून ताईच म्हणतो. यंदा तिनं त्याला राखी पाठवली. पुस्तकातला नियम पार बुडाला म्हणायचा!

नाटक पडलं, तालीम संपली. रखमाजी मात्र दुपारी चहाला येतातच. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालं," ते म्हणाले.

तेही खरंच. फक्त परवा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या माणसानं मला 'वहिनी' म्हणायचं कधीच सोडून दिलंय! कप हातात घेऊन म्हणाले, "ऐकलं का, साखर जरा कमी टाकत जा." तिकडे महेबूबभाईच्या दुकानात कोणीतरी खोकलं.

मी काही 'अहो' म्हटलं नाही हं! म्हटलं असेल, तर ती तालमीची सवय.