गच्चीवरचा पिरॅमिड आणि छत्तीस कबुतरं

"अहो, फ्रिज मेला!"

इन्शिराहची आरोळी ऐकून रिफअतच्या हातातला चहा पायजम्यावर सांडला. फ्रिजमध्ये छत्तीस कबुतरं होती. सोललेली, पोटात भात भरलेली, फक्त भट्टीत सारायची बाकी. चार वाजता मुलाकडची माणसं कुराणातली फातिहा वाचून लेकीचं, रबाबचं, लग्न पक्कं करायला येणार होती. बाहेर ऊन असं, की गल्लीतले उंटसुद्धा सावलीसाठी एकमेकांना ढुशा देत होते.

"बर्फ आणतो," म्हणून रिफअत धावला. घरात मेहुणा शाबान आहे, हे त्या घाईत तो विसरला.

रिफअत बावीस वर्षं पिरॅमिडपाशी गाईड होता. बावीस वर्षं रोज "ही राजाची कबर" असं सांगून त्याने संसार केला. इन्शिराहचा हा थोरला भाऊ, निवृत्त वायरमन, तेवढीच वर्षं त्याला हसत आला होता. शाबानच्या मते पिरॅमिड हे अन्न टिकवायचं यंत्र. त्या कोनाखाली ठेवलेलं मांस म्हणे नासत नाही, दूध फाटत नाही.

"एका मेलेल्या माणसासाठी एवढे दगड?" तो विचारायचा. "आमचे अब्बा दोन हात जागेत मावले, आणि ते चांगले जाडे होते!"

रिफअत अर्धा वितळलेला बर्फ डोक्यावर घेऊन परतला तेव्हा फ्रिज भिंतीपासून पुढे ओढलेला होता. आत एकही कबूतर नव्हतं आणि मागच्या बाजूला एकही नळी नव्हती.

"काळजी नको, भावजी," शाबान हात पुसत म्हणाला. "गच्चीवर पिरॅमिड उभा केलाय. कबुतरं त्याच्याखाली. महिनाभर ताजी राहतील."

"आणि नळ्या?"

"फ्रिजच्याच कापल्या. मेलेल्या फ्रिजला कशाला हव्यात?"

एवढ्यात इन्शिराह इस्त्री घेऊन आली आणि फ्रिजकडे बघून तिथेच थबकली. रबाबच्या झग्याला इस्त्री करायला तिने पहाटे एक प्लग काढला होता. तो परत लावायचा राहिला होता.

"म्हणजे तो मेला नव्हता?" रिफअतने विचारलं.

"आता मेला," शाबान प्रामाणिकपणे म्हणाला.

तिघंही गच्चीकडे पळणार, तोच दार वाजलं. पाहुणे एक तास आधीच! मुलाचे वडील वगदीसाहेब, निवृत्त गणितशिक्षक, इस्त्रीच्या कोटात घामाचा थेंबही न दाखवता उभे होते. मागे त्यांची बायको आणि मुलगा, बसबूसा मिठाईचा खोका सांभाळत.

"रस्ता मोकळा मिळाला. तुमच्या गच्चीवरून थोरला पिरॅमिड दिसतो म्हणे?" असं म्हणत साहेब जिना चढूही लागले.

"साहेब, आधी सरबत!"

"सरबत कुठे पळून जातंय?"

सरबत नव्हतं पळालं, पण कबुतरं गेली होती. गच्चीवर वाकड्या नळ्यांचा कंबरभर पिरॅमिड उभा होता आणि त्याच्या पोटात गल्लीतल्या सहा मांजरी आडव्या पसरल्या होत्या. एकीच्या मिशीला भात चिकटलेला होता. चारी बाजूंना हाडं. दारातून रबाबने ते पाहिलं आणि ओढणी तोंडावर घेतली. तीन वर्षं मिनतवाऱ्या करून तिने या मुलासाठी घरच्यांना राजी केलं होतं.

वगदीसाहेब वाकले. चष्मा पुसला. नळीवर वीत ठेवली.

"कोन चुकलाय," ते म्हणाले.

"कोन बरोबर आहे!" शाबान उसळला. "भिंती असत्या तर एक मांजर आत शिरलं नसतं!"

"अहो, पण मुळात हे यंत्र अन्नासाठी नाहीच. पिरॅमिड हा पाण्याचा पंप होता. मी एकोणीस वह्या भरल्यात."

"पंप? मग पाणी कुठंय?"

"उपसून संपलं!"

आवाज चढले. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. इन्शिराहने गुपचूप कोपऱ्यावरच्या गाडीवरून भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी मागवली, पण खाली उतरायला कोणी तयार नव्हतं. शेवटी शाबान ओरडला, "मी जेवणार नाही या माणसाच्या पंक्तीला!" आणि साहेब म्हणाले, "मग आम्ही निघतो." त्यांच्या बायकोने बसबूसाचा खोका परत काखेत घेतला.

मुलाने धीर करून म्हटलं, "बाबा, यांनाच विचारा ना. यांचं कामच ते आहे."

सगळे रिफअतकडे वळले. पंप म्हणावं तर मेहुणा जन्मभर बोलणार नाही. अन्न टिकवायचं यंत्र म्हणावं तर लग्न मोडलं. रबाब टक लावून बघत होती. रिफअतचं डोकं रिकामं झालं आणि तोंडातून सवयीने जे यायचं तेच आलं.

"ती राजाची कबर आहे."

मग शाबान फिसकन हसला. वगदीसाहेबांचेही खांदे हलू लागले. बघता बघता दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून डोळे पुसायला लागले.

"कबर!" साहेब म्हणाले. "ऐकलंत का, शाबानभाई?"

"बावीस वर्षं मी हेच ऐकतोय हो, साहेब! तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत!"

"कसे दिवस काढलेत तुम्ही!"

दोघं हातात हात घालून जिना उतरले. कोशरीवर ताव मारून झाला, फातिहा वाचली गेली, बायकांनी जीभ फिरवत आनंदाची झगरूत घुमवली. निघताना वगदीसाहेबांनी इन्शिराहला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात दिलासा दिला.

"मुलगी लाखात एक आहे, वहिनी. बापाचं आम्ही मनावर घेणार नाही."