झोपेचा पेपर

मांडीवरचं गाइड मिटा, मुलांनो. पुढच्या क्लासला थोडा वेळ आहे. तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल.

एका जंगलात वडाखाली एक शाळा होती. बगळे सर तिथले मुख्याध्यापक. ते एका पायावर उभे राहत आणि डोळे मिटून घेत, म्हणून सगळ्यांना फार विद्वान वाटत. असे कुणी तुमच्याही ओळखीचे असतील. नावं घेऊ नका.

एके वर्षी शाळेचा निकाल घसरला. ससा पेपर लिहिता लिहिता पेंगला. परीक्षेचं नाव काढलं की माकड वडाच्या शेंड्यावर जाऊन लपे. आणि झुबकी नावाची छोटी खार तर पाढे म्हणताना रडायलाच लागली. ही झुबकी पूर्वी जांभळाच्या शेंड्यावरून थेट आंब्यावर उडी मारायची. आता तिला बाकावर चढतानाही धाप लागे.

सरांनी कासववैद्यांना बोलावलं. वैद्यबुवा सावकाश आले. सगळ्यांची नाडी पाहिली, जिभा पाहिल्या.

"पोरांना झोप नाही, खेळ नाही, आणि मनावर सारखं दडपण," ते म्हणाले. "त्यांना निवांत झोपू द्या, हुंदडू द्या. निकाल आपोआप सुधारेल."

सरांनी पाय बदलला. मोठा विचार आला की ते पाय बदलत.

"म्हणजे झोपेनं निकाल वाढतो?"

"वाढतो."

"मग झोप हा विषयच सुरू करू!"

वैद्यबुवांनी बोलायला मान बाहेर काढेपर्यंत वेळापत्रक लागलंसुद्धा. झोप, सक्तीचा विषय. लेखी आणि प्रात्यक्षिक. तयारीला तास हवा, म्हणून खेळाचा तास रद्द. घोरण्याचे प्रकार सांगा, जांभईची सुबक आकृती काढा, असे प्रश्न मुलं घोकू लागली.

मग घराघरांत चिंता शिरली. शेजारची घूस झुबकीच्या आईला म्हणाली, "आमचा बाळ्या डोळे मिटले की डाराडूर! तुमची कुठवर आलीय हो?"

झुबकीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं त्याच दिवशी लेकीला 'अस्वल सरांचे निद्रा क्लासेस'मध्ये घातलं. अस्वल जन्मभर गुहेत लोळत पडलेलं, त्यामुळे अनुभव दांडगा. फीही तशीच. बॅच पहाटे चारची.

"ऊठ, ऊठ!" आई रोज झुबकीला गदागदा हलवी. "झोपेच्या क्लासला उशीर होतोय!"

"आई, मी इथंच झोपते ना गं."

"घरी झोपून कुणी पास झालंय का?"

क्लासमध्ये अस्वल सर ओरडत, "डोळे असे मिटायचे नाहीत! असे मिटलेत तर गुण कापतील!" झुबकीला धडकी भरली. डोळे मिटले की ते बरोबर मिटलेत ना, हाच विचार. होती नव्हती ती झोपही उडाली. ती खाईना. शेपटीचे केस गळू लागले.

"वहिनी, पोरगी खंगत चाललीय," कासववैद्य तिच्या आईला म्हणाले. "थोडे दिवस शाळा बुडू दे."

"कसं बुडवू, वैद्यबुवा? हे वर्ष महत्त्वाचं आहे हो तिचं."

मुलांनो, मला त्या आईचा फार राग येतो. पण खरं सांगायचं तर काळजीनं तिचाही डोळ्याला डोळा लागत नव्हता.

प्रात्यक्षिकाचा दिवस आला. घंटा झाली, सगळे आडवे झाले. ससा एक डोळा उघडून किती वेळ राहिला ते पाहू लागला. माकड खोटं खोटं घोरू लागलं. झुबकी मात्र आडवी होण्याआधीच डोलली आणि धाडकन पडली.

सरांनी तिच्या कानाशी घंटा वाजवली. नाकात पिसानं गुदगुल्या केल्या. ती हलेना.

"वा! याला म्हणतात झोप!" सर गहिवरले. "पैकीच्या पैकी गुण!"

टाळ्या पडल्या. कासववैद्य गर्दीतून कसेबसे पुढे आले आणि त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला.

"अहो, ही झोप नाही, भोवळ आहे! पोर तापानं फणफणलीय!"

"वैद्यबुवा, गुण द्यायचं काम आमच्याकडे राहू द्या," सर म्हणाले.

तोवर आई धावत आली. तिनं झुबकीला उचललं, तर अंग चटका बसावा इतकं तापलेलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बऱ्याच वेळानं झुबकीनं डोळे किलकिले केले.

"आई, पेपर संपला? आता झोपू?"

"झोप हं, माझी सोनी ती." आईनं तिला पोटाशी धरलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण थोडाच वेळ. पहिल्या आलेल्यांची बॅच अस्वल सर पहाटे तीनला घेणार आहेत."

तात्पर्य: 'लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे' ही म्हण अगदी खरी आहे. ज्ञान बगळे सरांना भेटलं, संपत्ती अस्वल सरांना भेटली. आरोग्यही झुबकीला भेटायला तिच्या घरी आलं होतं, पण ती क्लासला गेली होती.