प्रवेशपत्रावरची गोरी बाई

"सांगितलं तर कोणाला पटायचं नाही," नादोम्हातारा बाकावर बूड टेकवत म्हणाला, "पण मी काढलेल्या एका फोटोने जित्याजागत्या बाईला परीक्षेच्या फाटकावर खोटं पाडलं होतं."

"नाहीच पटायचं," कढईतली केळी साखरेत घोळवत पुरिंग म्हणाली. "मागच्या वेळी त्याच फोटोचा उजेड बघून कोंबडा आरवला होता."

"आरवला होताच. ऐक तर."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रुंद काठाची टोपी घातलेली एक बाई केळ्यांची वाट पाहत बसली होती. नादोच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. त्याला फक्त टोपी दिसली, आणि टोपी नवी होती म्हणजे श्रोताही नवा.

बारा वर्षांपूर्वी बाकामागचं ते बंद दुकान नादोचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचा फोटो पंधरा मिनिटांत, आणि प्रत्येक गिऱ्हाईक दोन छटा गोरं, फुकटात. कोणी मागायचं नाही, पण कोणी तक्रारही करायचं नाही. झांबालेस प्रांताच्या किनाऱ्यावर जन्मभर उन्हात भाजलेला कोळीसुद्धा त्याच्या दुकानातून दुधात बुडवून काढल्यासारखा बाहेर पडायचा.

शिक्षकांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी डोंगरातून नोर्मिता काबालिक आली. आएता या काळ्या, कुरळ्या केसांच्या डोंगरी आदिवासींतली, आणि तिच्या वस्तीतली कॉलेज शिकलेली पहिलीच. वस्तीच्या शाळेत खालून आलेला शिक्षक एक पावसाळा टिकत नसे. ही पास झाली की तो प्रश्न मिटणार होता. तिला प्रवेशपत्रावर लावायला फोटो हवा होता.

"काका, रंग आहे तसाच ठेवा. केसही राहू देत कुरळे."

"अगं, तू कुठे एवढी काळी? तुला बघून कोणी आएता म्हणायचंसुद्धा नाही."

"काळीच आहे की. आणि आएताच आहे. म्हणू देत ना."

नादोला वाटलं, पोरगी संकोचाने बोलतेय. त्याने नेहमीच्या दोन छटा दिल्या. परीक्षेचं काम, म्हणून शुभाची तिसरी. तेवढ्या गोऱ्या चेहऱ्यावर कुरळे केस उपरे दिसायला लागले, म्हणून ते सरळ केले. सरळ केसांखाली नाक पसरट दिसायला लागलं, म्हणून तेही जरा चिमटलं. मग आपल्याच कारागिरीवर तो असा खूश झाला, की फोटो त्याने स्वतःच्या हाताने प्रवेशपत्रावर चिकटवला, तोही चांभाराच्या गोंदाने, आणि पाकीट बंद करून तिच्या हातात दिलं. तिने विश्वासाने ते पिशवीत टाकलं.

सकाळी सात वाजता पहारेकऱ्याने पाकीट उघडलं.

"ही कोण?"

"मीच."

"मग तू कोण?"

रांगेतल्या बायांना दया आली. चार डब्या पुढे झाल्या. "दोन हात पावडर फास गं, भागून जाईल."

"मी कशाला फोटोसारखी होऊ?" नोर्मिता म्हणाली. "फोटोने माझ्यासारखं व्हायला हवं होतं."

ती धावत स्टुडिओत आली. मूळ फोटो छापून द्यायचा तर कॉम्प्युटरात तिचा मूळ चेहरा उरलाच नव्हता. नादोने त्याच्यावरच रंगकाम करून ठेवलं होतं. त्याने घाईघाईने तिचा दुसरा फोटो काढला. "तू जाऊन फाटक धर," तो म्हणाला, "मी छापून घेऊन आलोच."

"आणि मग," बाकावर सरसावून बसत नादो म्हणाला, "तीनचाकीत अशी उडी मारली! पोचलो तेव्हा फाटक बंद व्हायला चार मिनिटं बाकी होती."

"मागच्या वेळी दोन होती," पुरिंग म्हणाली.

"चार."

दर वर्षी परीक्षेच्या दिवसांत तो ही गोष्ट सांगायचा, आणि दर वर्षी थोडा आधी पोचायचा.

"पहारेकऱ्याने फोटो बघितला, तिला बघितलं, आणि मला सलाम ठोकला. पोरगी अख्ख्या प्रांतात पहिली आली. नंतर मुद्दाम भेटायला आली, माझा हात धरून म्हणाली, काका, तुम्ही वेळेवर आलात म्हणून." इथे त्याचा आवाज नेहमीच बसायचा.

टोकाच्या बाईने टोपी काढून मांडीवर ठेवली. दाबून बसलेले कुरळे केस मोकळे झाले.

"असं मी कधी म्हणाले नाही, काका."

नादोने आवाजाच्या दिशेने डोळे बारीक केले.

"साडेसातला फाटक बंद झालं," ती म्हणाली. "माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी बसले, आता वस्तीत शिकवते. पण तुम्ही कोपऱ्यापर्यंत आला होतात. मी फाटकाच्या दांड्याला धरून बघत होते. तीनचाकीतून उतरलात, हातातल्या फोटोकडे बघितलंत आणि मागे फिरलात. का, ते मला कितीतरी दिवस कळेना."

नादोचा उजवा हात गुडघ्यावर कॉम्प्युटरचा माउस फिरवावा तसा फिरत राहिला.

"हात सवयीने चालला असेल ना, काका? त्या फोटोतही मी गोरीच होते."